कोणाची जोखीम? : अणुभट्टीच्या सुरक्षिततेचे गणित आणि त्याचा इतिहास

मराठीत 'शास्त्र' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक शास्त्र पोथीतले, दुसरे प्रयोगशाळेतले. पहिल्याने आपल्या पूर्वजांना काय दिले ते इथे सांगण्याची गरज नाही. पोथी वाचण्याचा अधिकार ज्यांना नव्हता त्यांच्या आयुष्याचे निर्णय त्या पोथीने घेतले. दुसऱ्या शास्त्राशी, म्हणजे विज्ञानाशी, आपले नाते वेगळे आहे. विज्ञानाची रीत कोणालाही तपासता येते, म्हणून परिवर्तनाच्या चळवळीने विज्ञान आपले मानले. परंतु विज्ञानाच्या नावाने आलेला एखादा आकडा तपासू दिला जात नसेल, तो केवळ ऐकावा आणि मान डोलवावी अशी अपेक्षा असेल, तर त्या क्षणी दुसऱ्या शास्त्राचे पुन्हा पहिले शास्त्र होते. अणुभट्टीच्या सुरक्षिततेचे निर्णय ज्या गणिताच्या आधारे घेतले जातात त्याच्या इतिहासात हे दोन्ही घडलेले दिसते, आणि म्हणूनच तो इतिहास आपण वाचला पाहिजे.

मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. विद्यार्थी विचारतात, सर, हा तर गणिताचा आणि इंजिनियरांचा विषय, आपला काय संबंध? संबंध असा की धोका किती आहे हे इंजिनियर सांगू शकतो, पण तो धोका कोणी पत्करायचा हा प्रश्न गणिताचा नाही. तो सत्तेचा प्रश्न आहे.

१. आधी मर्यादा, मग हिशेब

अमेरिकेत १९५४ च्या कायद्याने खाजगी कंपन्यांना अणुवीज निर्मितीचे दार उघडले. पण विमा कंपन्या पुढे येईनात. बॉयलर फुटला तर किती नुकसान होते हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. अणुभट्टी फुटली तर काय होईल याचा अनुभव कोणालाच नव्हता. तेव्हा तेथील अणुऊर्जा आयोगाने ब्रुकहेवन प्रयोगशाळेकडून एक अहवाल करवून घेतला. मार्च १९५७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सर्वांत वाईट अपघात घडल्यास ३,४०० माणसे मरतील, ४३,००० जखमी होतील आणि ७०० कोटी डॉलरपर्यंत मालमत्तेचे नुकसान होईल, असा त्याचा अंदाज होता. असा अपघात घडण्याची शक्यता अत्यंत कमी आहे असेही त्यात म्हटले होते. पण किती कमी, हे भरवशाने सांगता येत नव्हते.

त्याच वर्षी प्राइस-अँडरसन कायदा झाला आणि एका अपघातासाठीच्या भरपाईला ५६ कोटी डॉलरची मर्यादा घालण्यात आली. त्यातले ६ कोटी खाजगी विम्याचे, उरलेले ५० कोटी सरकारी तिजोरीचे. म्हणजे सरकारनेच प्रसिद्ध केलेल्या अंदाजाच्या बाराव्या हिश्श्याहूनही कमी रकमेची हमी देण्यात आली. उरलेले नुकसान कोणाच्या माथी? अर्थात ज्यांचे घर आणि शेत तेथे असेल त्यांच्या. धोक्याची शक्यता किती हे ठरण्यापूर्वीच तो कोणी सोसायचा हे ठरून गेले होते. हा क्रम आपण नीट ध्यानात ठेवला पाहिजे.

१९६४-६५ मध्ये हा अहवाल नव्याने करण्याचा प्रयत्न झाला. भट्ट्या आता कितीतरी मोठ्या होत होत्या, त्यामुळे अंदाज अधिकच भयानक निघाले. पेनसिल्व्हेनिया राज्याएवढा प्रदेश बाधित होऊ शकेल अशी नोंद त्या कागदपत्रांत होती. ती कागदपत्रे प्रसिद्ध झाली नाहीत. १९७३ साली माहितीच्या अधिकाराचा दबाव आला तेव्हा कुठे ती लोकांसमोर आली. आठ वर्षे पोथी बंद होती.

२. दोन कंदील आणि एक डबा

केवळ 'परिणाम किती भयंकर' असे विचारले की भीती वाढते. म्हणून 'शक्यता किती' हेही मोजून दाखवले पाहिजे, असा विचार पुढे आला. त्यात सगळे लबाडीचेच होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. ब्रिटनच्या अणुऊर्जा प्राधिकरणातील एफ. आर. फार्मर यांनी १९६७ साली व्हिएन्नाच्या परिषदेत मांडले की अपघातांची 'घडू शकणारे' आणि 'घडू न शकणारे' अशी दोनच कप्प्यांत विभागणी करणे चुकीचे आहे. जेवढा अपघात मोठा, तेवढी त्याची शक्यता लहान असली पाहिजे, आणि ही शक्यता मोजलीच पाहिजे. विचार म्हणून हे प्रामाणिक होते.

मोजण्याची रीत क्षेपणास्त्रांच्या कामातून आली. १९६१-६२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत मिनिटमन क्षेपणास्त्रासाठी 'दोषवृक्ष' नावाची पद्धत तयार झाली. नको असलेली घटना वर लिहायची आणि ती कोणकोणत्या कारणांनी घडेल, त्या कारणांची कारणे कोणती, असे खाली खाली उतरत जायचे. झडप अडकली, पंप बंद पडला, माणूस चुकला, अशा प्रत्येक फांदीला शक्यतेचा आकडा द्यायचा आणि शेवटी सगळ्यांचा मेळ घालायचा.

वस्तीतल्या रात्रीच्या अभ्यासवर्गाचे उदाहरण घ्या. दोन कंदील लावले आहेत. एक कंदील शंभर रात्रींतून एकदा विझतो. मग दोन्ही एकाच रात्री विझण्याची शक्यता किती? शंभर गुणिले शंभर, म्हणजे दहा हजार रात्रींतून एकदा. गणित बरोबर आहे आणि मन निश्चिंत होते. पण दोन्ही कंदिलांतले रॉकेल एकाच डब्यातून ओतलेले असेल आणि त्या डब्यात पाणी शिरले असेल तर? तर दोन्ही कंदील एकाच रात्री विझतील. दहा हजारांचा आकडा कोसळेल, कारण दोन्ही कंदील एकमेकांपासून स्वतंत्र आहेत हे गृहीतच खोटे होते. गुणाकारात चूक नव्हती, चूक डब्याकडे न पाहण्यात होती. पुढचा सगळा इतिहास या डब्याचा आहे.

१९७२ साली अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे प्राध्यापक नॉर्मन रासमुसेन यांच्या नेतृत्वाखाली मोठा अभ्यास सुरू केला. अणुवीजेचा प्रसार करणारा आणि तिच्यावर नियंत्रण ठेवणारा असा हा आयोग एकच होता, हेही लक्षात घ्यावे. सरी आणि पीच बॉटम या दोन केंद्रांतल्या भट्ट्या नमुना म्हणून घेतल्या गेल्या. ऑगस्ट १९७४ मध्ये मसुदा आला आणि ऑक्टोबर १९७५ मध्ये अंतिम अहवाल. तोपर्यंत जुना आयोग मोडून नियंत्रणासाठी वेगळा नियामक आयोग स्थापन झाला होता. भट्टीचा गाभा वितळण्याची शक्यता एका भट्टीमागे सुमारे २०,००० वर्षांतून एकदा, असा त्या अहवालाचा निष्कर्ष होता.

हा आकडा तसा लहान नाही. शंभर भट्ट्या चालू असतील तर सरासरीने दोनशे वर्षांत एकदा असा त्याचा अर्थ होतो. पण वर्तमानपत्रांपर्यंत आणि लोकप्रतिनिधींपर्यंत हे गेले नाही. त्यांच्यापर्यंत गेला तो अहवालाच्या आरंभी जोडलेला सारांश. त्यात एक तक्ता होता. मोटार अपघातात मरण्याची वार्षिक शक्यता ४,००० त एक, वीज पडून मरण्याची २० लाखांत एक, आणि शंभर अणुभट्ट्यांच्या अपघातात मरण्याची ५०० कोटींत एक. आकाशातून उल्का पडून माणसे मरण्याशीही तुलना केली होती. या तुलनेत लगेच होणारे मृत्यूच मोजले होते. किरणोत्सर्गामुळे वीस-तीस वर्षांनी कर्करोगाने मरणारी माणसे त्या आलेखात नव्हती. त्यांचा हिशेब अहवालाच्या पोटात होता. पण तेवढे आत शिरतो कोण?

३. मेणबत्ती, समिती आणि झडप

मसुदा आणि अंतिम अहवाल यांच्यामध्ये, २२ मार्च १९७५ रोजी, अलाबामातील ब्राउन्स फेरी केंद्रात एक कामगार भिंतीतून जाणाऱ्या केबलींच्या फटींतून हवा कुठे गळते ते मेणबत्तीच्या ज्योतीने पाहत होता. फटीत भरलेल्या फोमने पेट घेतला. आग सुमारे सात तास चालली. सोळाशेहून अधिक केबली जळाल्या आणि पहिल्या भट्टीची आपत्कालीन शीतकरण यंत्रणा निकामी झाली. एकाच्या जोडीला दुसरी, दुसरीच्या जोडीला तिसरी अशा यंत्रणा होत्या. पण त्यांच्या केबली एकाच जागेतून जात होत्या. आपल्या उदाहरणातला रॉकेलचा डबा तो हाच. कर्मचाऱ्यांनी दुसऱ्या मार्गाने पाणी पोहोचवले म्हणून गाभा वाचला. अंतिम अहवालात या आगीचा विचार जोडण्यात आला आणि एकूण निष्कर्ष त्यामुळे बदलत नाही असे सांगण्यात आले.

पण रासमुसेन अहवाल आणि १९६५ ची दडवलेली कागदपत्रे यांत एक मोठा फरक होता. रासमुसेन यांचा अहवाल त्याच्या जाडजूड परिशिष्टांसह छापून सर्वांसमोर ठेवलेला होता. गृहीतके दिसत होती, गुणाकार दिसत होता. त्यामुळे विरोधकांना, विद्यापीठांतल्या शास्त्रज्ञांना तो फाडून पाहता आला. लोकप्रतिनिधी मॉरिस युडाल यांच्या आग्रहावरून १९७७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ हॅरल्ड लुईस यांच्या अध्यक्षतेखाली फेरतपासणी समिती नेमली गेली. सप्टेंबर १९७८ मध्ये तिने अहवाल दिला. पद्धत मुळात योग्य आणि उपयुक्त आहे. परंतु आकड्यांतली अनिश्चितता फारच कमी करून दाखवली आहे. आणि सारांश हा मूळ अहवालाचे खरे चित्र देत नाही. जानेवारी १९७९ मध्ये नियामक आयोगाने सारांशाला दिलेला पाठिंबा काढून घेतला.

आमच्या घरात माझ्या आधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते. कागद वाचून दाखवणारा जे सांगेल तेच कागदात आहे असे मानून आमच्या मागच्या पिढ्यांनी अंगठे उठवले आणि जमिनी घालवल्या. म्हणून या प्रसंगाचे महत्त्व मला विशेष वाटते. प्रगत देशाचे लोकप्रतिनिधीसुद्धा तीन वर्षे सारांश ऐकून अंगठा उठवत होते. तो अंगठा मागे घेता आला याचे कारण एकच, मूळ कागद वाचायला खुला होता.

दोन महिने उलटले. २८ मार्च १९७९ च्या पहाटे पेनसिल्व्हेनियातील थ्री माइल आयलंड केंद्रात पाण्याचा पुरवठा थांबला, दाब वाढला, दाब सोडणारी झडप उघडली आणि उघडीच अडकली. समोरच्या फलकावरचा दिवा झडप मिटली की नाही ते दाखवत नव्हता. मिटण्याचा आदेश गेला एवढेच दाखवत होता. गाभ्यात पाणी जास्त झाले अशी समजूत होऊन कर्मचाऱ्यांनी आपत्कालीन पाणी कमी केले. गाभ्याचा जवळजवळ अर्धा भाग वितळला. अशीच झडप १९७७ च्या सप्टेंबरमध्ये ओहायोतील डेव्हिस-बेसी केंद्रात अडकली होती. तो अनुभव थ्री माइल आयलंडच्या कामगारांपर्यंत पोहोचलाच नव्हता.

आता यातली खरी गोष्ट पहा. मोठा नळ एकदम फुटणे यावरच तेव्हा नियंत्रकांचे सारे लक्ष होते. रासमुसेन अहवालाने सांगितले होते की खरा धोका त्यात नसून लहान गळत्या, अडकलेल्या झडपा आणि माणसाच्या चुका यांत आहे. म्हणजे गणिताने दुखऱ्या जागेवर बोट ठेवले होते. पण ते बोट कोणी पाहिले नाही. सगळ्यांनी ५०० कोटींचा आकडा तेवढा उचलला. दोषवृक्षाचा उपयोग फांद्या पाहण्यासाठी आहे. शेंड्यावरचा आकडा मिरवण्यासाठी नाही. अणुभट्टीच्या जोखीम-गणिताचा मला समजलेला इतिहास या एका वाक्यात मावतो.

४. सरासरी माणूस कुठे राहतो?

थ्री माइल आयलंडनंतर ही पद्धत गेली नाही, उलट वाढली. १९८६ मध्ये अमेरिकेच्या नियामक आयोगाने सुरक्षिततेचे ध्येय आकड्यात सांगितले. केंद्राच्या परिसरातल्या 'सरासरी व्यक्ती'ला भट्टीच्या अपघाताने तत्काळ मृत्यू येण्याची जोखीम ही इतर सर्व अपघातांतल्या अशा जोखमीच्या एक-दशांश टक्क्याहून जास्त नसावी. कर्करोगाबाबतही तेच प्रमाण. १९९५ मध्ये आयोगाने धोरण म्हणून या गणिताचा वापर वाढवण्याचे ठरवले. त्यापूर्वीच पाच केंद्रांचा सविस्तर अभ्यास झाला होता, प्रत्येक केंद्राने आपली दुर्बल स्थाने शोधावीत असे ठरले होते, आणि त्यातून पंप, जनित्रे, केबली यांत खऱ्या सुधारणा झाल्या. हे श्रेय नाकारण्यात अर्थ नाही.

पण ही 'सरासरी व्यक्ती' कोण? ती कुठे राहते? गावात सरासरी व्यक्ती राहत नाही. गावात पाटील राहतो, आणि गावाबाहेर आपली वस्ती राहते. वाडा आणि झोपडी यांची सरासरी काढली तर एक बरे घर निघते. पण त्या घरात कोणी राहत नसते. अपघातानंतर लोक अमुक वेळात बाहेर पडतील असे गृहीत धरून मृत्यूंचा हिशेब केला जातो. ज्याच्या दारात वाहन आहे तो बाहेर पडतो. म्हातारी आई, अंथरुणावरचा रुग्ण, रोजावर गेलेली बाई, तिचे घरी असलेले मूल यांचा वेग सरासरीत हरवतो.

चॉन्सी स्टार या अमेरिकन अभियंत्याने १९६९ साली 'सायन्स' या नियतकालिकात लिहिले की लोक स्वेच्छेने पत्करलेली जोखीम लादलेल्या जोखमीपेक्षा सुमारे हजारपट अधिक सहन करतात. जोखीम किती असावी हे ठरवण्याच्या चर्चेत हा लेख पायाभूत मानला जातो. पण स्वेच्छा म्हणजे काय? आपल्या शहरांत गटारात उतरून गुदमरून मरणारा माणूस स्वेच्छेने उतरतो काय? २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय त्याला उतरवणे गुन्हा ठरवले. तरीही माणसे मरत राहिली, आणि ती कोणत्या जातीची असतात हे या पानांच्या वाचकाला सांगायला नको. ज्याच्यापुढे दुसरे काम नाही त्याच्या होकाराला स्वेच्छा म्हणणे हा गणिताचा प्रमाद नव्हे, समाजाचा अप्रामाणिकपणा आहे. जपानच्या अणुकेंद्रांतही देखभालीचे सर्वाधिक किरणोत्सर्गाचे काम कंत्राटी मजूर करीत आले आहेत. ओसाकाच्या कामागासाकीसारख्या रोजंदारी वस्त्यांतून ते आणले जात. त्यांची स्वेच्छा याच जातीची होती.

शिवाय हिशेबाला कुंपण असते. भट्टीचा दोषवृक्ष भट्टीपाशी सुरू होतो. युरेनियम ज्या जमिनीतून येते ती जमीन त्या वृक्षाच्या मुळांतही नसते. थ्री माइल आयलंडच्याच वर्षी, १६ जुलै १९७९ रोजी, न्यू मेक्सिकोत चर्च रॉक येथे युरेनियम कारखान्याच्या टाकाऊ गाळाचा मातीचा बांध फुटला. तडे आधीच दिसले होते. सुमारे ३५ कोटी लिटर दूषित पाणी आणि १,१०० टन गाळ प्वेर्को नदीत गेला. तेथे नवाहो आदिवासी राहत, आणि त्यांची जनावरे त्याच नदीचे पाणी पीत. थ्री माइल आयलंडहून अधिक किरणोत्सर्गी द्रव्य येथे बाहेर पडले. थ्री माइल आयलंडचे नाव जगाला पाठ आहे. चर्च रॉकचे किती जणांना ठाऊक आहे? आपल्याकडे झारखंडमधील जादूगोड्याची खाण १९६७ पासूनची. तीही आदिवासींच्याच भूमीत. कुंपण कुठे घालायचे हे गणित ठरवत नाही, माणसे ठरवतात. आणि कुंपणाबाहेर कोण राहिले हे पाहिले की ती माणसे कोणत्या वर्गाची होती हे कळते.

५. पुन्हा तोच डबा

ब्राउन्स फेरीची आग १९७५ ची. अठरा वर्षांनी, ३१ मार्च १९९३ रोजी, उत्तर प्रदेशातील नरोरा केंद्रात टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन आणि तेल पेटले, आग केबलींच्या मार्गाने पसरली आणि केंद्र सुमारे सतरा तास विजेविना राहिले. आपत्कालीन पुरवठ्याच्या केबलीही आगीच्या वाटेतच होत्या. कर्मचाऱ्यांनी आग विझवण्याचे डिझेल पंप लावून भट्टीला थंड ठेवले. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. त्याचे श्रेय त्या कर्मचाऱ्यांना आहे.

११ मार्च २०११ रोजी फुकुशिमात हाच डबा समुद्राच्या रूपाने आला. केंद्राची तयारी ५.७ मीटर उंचीच्या लाटेची होती. लाट आली सुमारे १४ मीटरची. कंपनीच्या स्वतःच्याच २००८ च्या आकडेमोडीत १५.७ मीटरपर्यंतची लाट निघाली होती. ती आकडेमोड पुढील अभ्यासासाठी बाजूला ठेवली गेली. एक वगळता सगळी आपत्कालीन जनित्रे एकाच पाण्याने निकामी झाली. दीड लाखाहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली आणि रुग्णालयांतून घाईने हलवलेले कित्येक वृद्ध वाटेत वा पोहोचताच दगावले. किरणोत्सर्गाने नव्हे, हलवाहलवीने. जपानी संसदेने नेमलेल्या स्वतंत्र आयोगाने २०१२ मध्ये या आपत्तीला मानवनिर्मित म्हटले. येथे गणित कमी पडले नव्हते. गणिताने सांगितलेले दडपले गेले होते.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध जुना आहे. १९६९ साली तारापूरला सुरू झालेल्या पहिल्या दोन भट्ट्या जनरल इलेक्ट्रिकच्या, म्हणजे पीच बॉटम आणि फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीच्याच कुळातल्या. या दोहोंत काही यंत्रणा सामाईक होत्या. सुरक्षिततेच्या फेरतपासणीनंतर २००५-०६ मध्ये त्या अलग केल्या गेल्या आणि नवी डिझेल जनित्रे बसवली गेली. म्हणजे दोन कंदिलांना दोन डबे मिळाले. हे चांगलेच झाले. पण तारापूरच्या पुढच्या दोन भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली, त्यांची फांदी कोणत्या वृक्षावर दाखवायची? जैतापूरच्या प्रकल्पाविरुद्ध एप्रिल २०११ मध्ये साखरी नाटे येथे आंदोलन झाले, पोलिसांनी गोळीबार केला आणि एक तरुण मेला. अणुप्रकल्पापायी गेलेला हा जीव कोणत्याही जोखीम-गणितात येत नाही.

आपण वीजविरोधी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखात्याचे सदस्य होते. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय औद्योगिकीकरण नाही आणि औद्योगिकीकरणाशिवाय गरिबाची सुटका नाही, ही त्यांची भूमिका होती. म्हणून विजेला किंवा विज्ञानाला नकार देणे हा आपला मार्ग असू शकत नाही. तसेच 'तज्ज्ञांनी सांगितले' म्हणून गप्प बसणे हाही नाही.

आपण आकडा मागू नये, आकडेमोड मागावी. कोणती गृहीतके धरली, कोणते धोके सोडून दिले, आकड्याची अनिश्चितता किती, आणि मरणाऱ्यांत, आजारी पडणाऱ्यांत, उठवल्या जाणाऱ्यांत कोण कोण मोजले, हे प्रश्न प्रत्येक जनसुनावणीत लेखी विचारले गेले पाहिजेत आणि उत्तरे मराठीत मिळाली पाहिजेत. धरण असो, रसायनांचा कारखाना असो, कचऱ्याची जागा असो, हेच प्रश्न लागू पडतात. त्यासाठी आपल्या मुलांनी संख्याशास्त्र शिकले पाहिजे. कला शाखेच्या विद्यार्थ्यांनीसुद्धा. आपल्या अभ्यासवर्गांत कवितेइतकेच एखाद्या प्रकल्पाच्या अहवालाचे वाचन झाले पाहिजे, आणि वाचताना सारांशाचे पान उलटून पुढे गेले पाहिजे.